मोडीचा भाव

तुमच्या घराच्या माळ्यावरही एखादे पितळी घंगाळ किंवा पोचे पडलेला तांब्या पडून असेल. तो नाशिकच्या भांडी बाजारात नेलात, तर दुकानदार आधी काट्यावर ठेवील, घट वजा करील आणि मोडीचा भाव सांगेल. त्या भावात केवळ धातू मोजला जातो. कारागिराच्या हाताला आणि वापरणाऱ्यांच्या बोटांना तेथे वजन नसते. मला अनेक वर्षे या मोडीच्या भावाचेच व्यसन होते.

ते लागले पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात. केळकरांनी आयुष्यभर जमवलेले दिवे, अडकित्ते आणि पाय घासायच्या वज्री मी तेथे काचेआड पाहिल्या. प्रामाणिकपणे सांगायचे, तर मनात पहिला विचार सौंदर्याचा आला नाही. अशा कितीतरी वस्तू आजही कुणीतरी अडगळ म्हणून विकत असेल, हा विचार आला.

मग जुन्या नाशकात एखादा वाडा पाडायला निघाल्याचे कळले, की रविवारी मी तेथे हजर असे. तुळया आणि कोरीव चौकटी मोठ्या व्यापाऱ्यांनी आधीच ठरवलेल्या असत. माझ्या वाट्याला चौकातला ढीग येई.

अशाच एका ढिगात मला वज्री दिसली. मुठीवर दोन मोर, तळ खरबरीत आणि एका कडेने झिजलेला. मी नजर लगेच दुसरीकडे वळवली; हवी असलेली वस्तू विकणाऱ्यासमोर निरखायची नाही, हा या छंदातला पहिला धडा. एक फुटका तांब्या उचलला आणि सहज सुचल्यासारखी वज्री त्यात टाकली. पायरीवर बसलेल्या आजी म्हणाल्या, “ती आमच्या सासूबाईंची. त्या नाशकात आल्या तेव्हा...”

“आजी, हीसुद्धा वजनातच धरायची ना?” मी मध्येच विचारले.

त्या थांबल्या. “धरा हो. वज्रीचं आता कोण काय करतंय?”

दोन्ही मिळून मी ३०० रुपये दिले. जमिनीत पुरलेला १० रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. मी घेतलेला ठेवा कुणालाही कळवायचा नव्हता. उलट तो लपवण्यातच माझे कौशल्य होते.

घरी वज्री चिंचेने घासताना झिजलेली कड पुन्हा दिसली. ती कोणाच्या टाचांनी झिजली? आणि मला आपल्याच जिल्ह्यातले जोगळटेंभी आठवले. १९०६ साली तेथे नहपानाच्या चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. पांडवलेण्यातील शिलालेख क्षहरातांच्या पराभवाविषयी जे सांगतो, त्याला या नाण्यांनी साक्ष दिली. हीच नाणी एकेक करून सराफाच्या मुशीत गेली असती, तर ती नुसती चांदी ठरली असती. कोठे सापडली, कोणत्या नाण्यांसोबत सापडली, हे माहीत होते म्हणून ती बोलली.

माझ्या वज्रीचेही बोलणे सुरू झाले होते. ते मी तोडले, कारण आजींची गोष्ट पुरी झाली असती, तर वस्तू मोडीच्या भावात मिळाली नसती. पुढे एका जाणकाराने तिची किंमत मी दिलेल्या पैशांच्या कितीतरी पट सांगितली. त्याचा आनंद झाला नाही, असे म्हणणे खोटे ठरेल, पण त्याने लगेच विचारले, “कोणत्या घरातली?” मला सांगता आले नाही.

दोन आठवड्यांनी मी पुन्हा गेलो. वाड्याच्या जागी सपाट माती होती. शेजारचा शिंपी म्हणाला, “म्हातारी मुलाकडे गेली, ठाण्याला.” पत्ता त्याच्याकडे नव्हता.

आता प्रत्येक वस्तूसोबत मी एक कार्ड ठेवतो. वज्रीच्या कार्डावर एवढेच आहे : ‘वज्री, पितळ. जुने नाशिक. सासूबाईंची. त्या नाशकात आल्या तेव्हा’. खालच्या ओळी कोऱ्या आहेत.