खाटेशिवायचा वर्ग

आमचं दांडी गाव समुद्राच्या काठावर. मोठं दुखणं निघालं की आम्ही बोईसरला जातो आणि तिथून लोकलनं मुंबई गाठतो. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली आणि मुंबई एकदम परमुलखात गेल्यासारखी वाटली.

त्याच महिन्यात माझी धाकटी बहीण घरी परतली. ती मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होती. वॉर्डात रुग्णाच्या खाटेजवळ उभं राहून शिकायचे ते दिवस. पण सारं शिक्षण मोबाइलवर आलं. रेंज मिळावी म्हणून ती गच्चीवर बसायची. शेजारी मी, व्हॉट्सअ‍ॅपवरून माझ्या विद्यार्थ्यांना उर्दूचे धडे पाठवत. मुलं वाचून दाखवायची. पण 'ऐन' लिहिताना त्यांची बोटं कुठं अडतात, ते मला दिसत नव्हतं.

अम्मीच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. एप्रिलमधली ऑपरेशनची तारीख मिळाली होती. फोन केला तर उत्तर आलं, तातडीची नसलेली ऑपरेशनं बंद आहेत. रागवायचं कुणावर? त्याच एप्रिलमध्ये मुंबईचं नायर रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवलं गेलं. श्वास अडकलेल्याला आधी जागा द्यायलाच हवी होती.

पण नायर म्हणजे नुसतं रुग्णालय नव्हे. टोपीवाला मेडिकल कॉलेज त्यालाच जोडलेलं. शस्त्रक्रिया शिकायला आलेले डॉक्टर तिथं महिनोन्‌महिने कोविडच्याच ड्युट्या करत राहिले. पुढं २०२१ ची पदव्युत्तर प्रवेशपरीक्षाही एप्रिलवरून सप्टेंबरवर गेली आणि नवे निवासी डॉक्टर यायला उशीर झाला. न झालेलं एकेक ऑपरेशन असं दोघांचं नुकसान करत होतं, रुग्णाचं आणि शिकणाऱ्याचं.

एका दुपारी धाकटी म्हणाली, "आपा, लिव्हर कसं तपासायचं त्याचा व्हिडिओ दहादा पाहिला. डोळ्यांना कळतं, हाताला कळत नाही."

अम्मीनं ऐकलं आणि ती चटईवर आडवी झाली. "ये, माझ्या पोटावर शिक."

धाकटीनं हात ठेवला आणि उजव्या बाजूनं खालून वर सरकवू लागली. "अम्मी, लांब श्वास घे."

"हात केवढा गार आहे गं तुझा!"

धाकटीनं तळवे चोळून गरम केले. व्हिडिओला गार हात लागत नाही, म्हणून ते आजवर तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पावसाळ्यात फजरच्या वुजूसाठी उठलेल्या अम्मीला ओट्याची पायरी दिसली नाही. ती पडली, मनगट मोडलं. कोविडच्या रोजच्या आकड्यांत हे मनगट कुठंच नव्हतं. डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षी झालं, तोवर मोतीबिंदू पिकून कडक झाला होता.

धाकटी आता डॉक्टर आहे. रुग्णाला तपासण्याआधी ती अजून तळवे चोळते. मीही वर्गात मुलांच्या पाटी-वहीवर जास्त वाकते. आणि थंडीत मनगट ठणकलं की अम्मी म्हणते, "डॉक्टरीणबाई, माझी फी बाकी आहे अजून."