प्रवाळाला उजेड किती लागतो?

विद्यालयाच्या विज्ञान कक्षासाठी माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने समुद्राच्या पाण्याचे प्रवाळ-मत्स्यालय भेट देण्याचा संकल्प केला आणि त्यावरील दिवा निवडण्याचे काम आमच्याकडे सोपविले. इतिहास शिकविणाऱ्याकडे हे काम का, असे अनेकांनी विचारले. विज्ञानाचे शिक्षक टाकी, पंप व पाण्याची क्षारता यांत गुंतले होते. आणि एकाच गोष्टीचे दोन पुरावे ताडून पाहण्याची सवय आम्हांस होती. दिव्यांच्या जाहिराती वाचताना ती सवय उपयोगी पडते.

गोंदिया हा तलावांचा जिल्हा. नवेगावबांध आणि इटियाडोहच्या परिसरातील आमच्या मुलांना कमळ, शिंगाडा, मासोळी यांची ओळख करून द्यावी लागत नाही. समुद्र मात्र बहुतेकांनी पाहिलेला नाही. मुंबई येथून रेल्वेने सुमारे एक हजार किलोमीटर दूर आहे. तरीही प्रवाळ हा शब्द आपल्याला परका नाही. पाली वाङ्मयात महासागरातील रत्नांच्या यादीत ‘पवाळ’ येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालामध्ये पोवळ्याचा उल्लेख आहे. भूमध्य समुद्रातून येणारे ते तांबडे पोवळे अंधूक, खोल पाण्यात वाढते आणि त्याला उजेडाची गरज नसते. मत्स्यालयात ठेवले जाणारे बहुतेक प्रवाळ मात्र उजेडावर जगतात. नाव एक असले तरी जीवनक्रम वेगळा आहे आणि दिव्याचा सारा विचार येथूनच सुरू होतो.

प्रवाळ हा प्राणी आहे. उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात राहणाऱ्या प्रवाळांच्या शरीरात एकपेशीय शैवाल वस्ती करून असते. ते उजेडात अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा आपल्या यजमानाला देते. उजेड अपुरा पडला तर प्रवाळाची उपासमार होते. तो एकदम फार झाला किंवा पाणी तापले, तर शैवाल शरीराबाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. म्हणून सर्वांत प्रखर दिवा हा सर्वांत चांगला दिवा ठरत नाही.

पाणी तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषून घेते. निळा प्रकाश खोलवर जातो. त्या निळ्या उजेडाला हे शैवाल सरावलेले असते, म्हणून प्रवाळाच्या दिव्यांत निळ्या रंगाचा भर असतो. दुकानात तर बहुधा केवळ निळा दिवा लावतात. त्यात प्रवाळ चमकतात आणि ग्राहक मोहित होतो. पण ती चमक आपल्या डोळ्यांसाठी असते. तिच्यावरून प्रवाळाला किती मिळते हे कळत नाही. ‘लक्स’ हे माप मानवी डोळ्याच्या संवेदनेवर आधारलेले आहे आणि आपला डोळा हिरव्या प्रकाशाला अधिक दाद देतो. शैवालाला उपयोगी पडणारा प्रकाश ‘पार’ या मापाने मोजतात. भर दुपारी उघड्यावर हा आकडा २००० मायक्रोमोलच्या आसपास जातो. मऊ प्रवाळांना ५० ते १५० पुरतात.

आमच्यासमोर तीन पर्याय होते. मेटल हॅलाइड दिवे प्रखर असतात, पण पाणी तापवितात. टाकीतील पाणी २४ ते २७ अंशांत ठेवायचे आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे धावतो, तेव्हा हा पर्याय प्रथम बाद झाला. टी-फाइव्ह नळ्यांचा उजेड एकसारखा पसरतो, पण त्या साधारण वर्षाकाठी बदलाव्या लागतात; पहिल्या वर्षाचा उत्साह ओसरल्यावर ते कोण करणार? उरला एलईडी. दोन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच, म्हणजे सुमारे सव्वाशे लिटरच्या टाकीसाठी, निळा व पांढरा प्रकाश स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येणारा मध्यम क्षमतेचा एलईडी दिवा आम्ही सुचविला.

ही शिफारस सभेत मांडली, तेव्हा काही माजी विद्यार्थ्यांना ती अपुरी वाटली. भेट द्यायची तर उत्तमातला उत्तम दिवा द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. तेवढ्यात एक पालक उठून म्हणाले, “गुरुजी, पोरं मिणमिणत्या नळीखाली वाचतात, अन् तुम्ही मासोळ्यांसाठी दिवा निवडता?” सभा शांत झाली. प्रश्न रास्त होता. अभ्यासिकेत वाचणाऱ्याला लक्सच लागतात आणि ते मोबाईलवरही ढोबळमानाने मोजता येतात. वाचनाच्या मेजावर ३००च्या आसपास हवेत. आमच्या कोपऱ्यातील मेजांवर त्याच्या निम्मेही भरले नाहीत. मग आम्ही दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडले. मऊ प्रवाळांना न लागणाऱ्या प्रखरतेवर जे खर्च होणार होते, ते अभ्यासिकेच्या नळ्यांवर खर्च व्हावे, हे सर्वांनी मान्य केले. नळ्या आधी बसल्या, मत्स्यालय नंतर.

ज्यांना घरी वा शाळेत असा प्रयोग करावयाचा आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी नमूद करतो. पहिले काही आठवडे, पाण्यात उपयुक्त जिवाणू स्थिरावेपर्यंत, दिवा मंद ठेवावा. नाहीतर नको ते शेवाळ माजते. नवा प्रवाळ आल्यावर उजेड हळूहळू वाढवावा. दिव्याच्या तारेला बटणाच्या पातळीखाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारा थेंब तेथेच गळून पडेल. मुलांचा वावर असल्याने गळती होताच वीज तोडणारे यंत्र अनिवार्य समजावे. वीज गेल्यास इन्व्हर्टरवर प्रथम पंप चालवावा. दिव्यावाचून प्रवाळ एक-दोन दिवस काढतो, प्राणवायूवाचून नाही. दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, तेव्हा त्यांच्या वाटेस जाऊ नये. मऊ प्रवाळही टाकीतच वाढविलेला असल्याची लेखी खात्री मिळाल्याशिवाय घेऊ नये. ते पाहावयाचे तर मालवणच्या समुद्रात पाहावेत. सहलीचा तो बेत आम्ही सोडलेला नाही.

दिव्याची वेळ दुपारी बारा ते रात्री आठ अशी ठरविली आहे. टाकीतला दिवस सूर्याबरोबरच उगवला पाहिजे असे नाही, आणि या वेळेत वर्ग सुटल्यावर वसतिगृहातील मुलांना ती निवांत पाहता येते. आठ वाजता दिवा मालवतो, कारण प्रवाळाला अंधारही लागतो. प्रश्न उरतो तो मे महिन्याचा. मुले गावी गेलेली, ऊन कडक आणि टाकी मात्र भरलेली. त्या सुट्टीत आठवड्याची एकेक पाळी घेण्यास तयार असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आपली नावे कार्यालयात कळवावीत, ही विनंती.