दहा ते चार

थोरल्याच्या वेळी वही होती. पहिला दात, पहिलं पाऊल, उष्टावणाची खीर जिभेला लागताच केलेलं वाकडं तोंड, सगळं तारखेनिशी. मधलीच्या वाट्याला त्याच वहीची मागची काही पानं आली. धाकटीची नोंदच नाही. डार्विननेही 1839मध्ये जन्मलेल्या पहिल्या मुलाची अशीच बारीक टिपणं ठेवली आणि 1877मध्ये त्यांवर निबंध छापला. दहा लेकरांचा तो बाप, शेंडेफळापर्यंत पोचेतो त्याच्या हातात लेखणी टिकली असेल का, कोण जाणे.

धाकटीचं सगळं गर्दीत घडलं. कुकरची शिट्टी, पाढ्यांचा घोष, एका मोज्यापायी चाललेला आकांत, आजीची पूजेची घंटा आणि दारात खोळंबलेल्या रिक्षाचा हॉर्न, या साऱ्या कल्लोळातून कुणाचंही बोट न धरता ती एका सकाळी स्वयंपाकघरातून थेट पडवीपर्यंत गेली, तेव्हा आम्ही डबे भरत होतो. टाळ्या तिनेच वाजवल्या.

सावंतवाडीच्या चितार आळीतून थोरल्यासाठी आणलेला पांगुळगाडा तिच्यासाठी माळ्यावरून काढला होता. दांडीवरचा तांबडा रंग दोघांच्या तळव्यांनी पुसून गुलाबी झालेला. तिने तो आडवा पाडला आणि एक चाक फिरवून त्याची कुरकुर ऐकत बसली. चालण्यापेक्षा तिला चाक महत्त्वाचं वाटलं. मला ते पटलंही.

पण भावंडं घरात असली की ही निराळीच. दादा खोकला की ही खोकते, ताई रुसली की कारण ठाऊक नसताना हीही कोपऱ्यात तोंड करून बसते. ‘मी पन!’ हा तिचा युद्धघोष. पहिल्या बोरन्हाणाला हलव्याचा मुकुट डोळ्यावर कललेला, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे यांचा पाऊस आणि भोवती पोरांची झुंबड. ती मात्र एकच बोर मुठीत घट्ट धरून बसली. पुढच्या संक्रांतीला तिनेच वाटी उचलली आणि दादाच्या डोक्यावर उपडी केली. खो खो हसली.

मग दहा वाजतात. रिक्षा वळणाआड जाते आणि घर एकदम रुंद होतं.

खरी धाकटी मला भेटते ती या वेळात. कुणाचं अनुकरण करायला समोर कुणी नसतं. आषाढातल्या दुपारी ती पडवीच्या कडेला उकिडवी बसते, कौलांवरून ओघळणाऱ्या पागोळीखाली तळवा धरते, पाणी भरलं की उलटा करते, पुन्हा धरते. चिऱ्यावर चढणाऱ्या गोगलगाईला वाटेत काही विचारते, उत्तराची वाट पाहते, आणि तिच्या ओल्या जावळातून येणारा तो मातीचा, दुधाचा, थोडा शेकशेगडीच्या धुराचा वास माझ्यापर्यंत पोचला की हातातलं निवडणं तसंच राहतं. दोघांच्या वेळी हे सगळं होतंच की. तेव्हा माझी नजर वहीत होती.

आजी रोज तिच्या गालाला काजळाची तीट लावते. परवापर्यंत ही आरशातल्या तिटेवर बोट ठेवायची. 1972मध्ये ब्यूला ॲम्स्टरडॅम नावाच्या संशोधक बाईंनी लेकरांच्या नाकावर रंगाचा ठिपका लावून हेच पाहिलं होतं: मूल दीड-दोन वर्षांचं होता होता आरसा सोडून स्वतःचं नाक चाचपू लागतं. काल हिने तीट आपल्याच गालावरून पुसली, काळं झालेलं बोट निरखलं आणि आजीच्या पातळाला लावलं. आजी म्हणाली, “शहाणी गं बाय!” आणि दुसरी तीट लावली, आधीपेक्षा मोठी.

आज चारला रिक्षा वाजली तेव्हा रोजच्यासारखी ती दाराकडे धावली नाही. पागोळीखाली नारळाच्या करवंट्या ओळीने मांडण्यात गुंतली होती. रेनकोटातून टपटपत दादा हाका मारत आला, तर मान न वळवता हात वर करून म्हणाली, “थांब. मी काम कलते.”

तो थांबला. मग ताईही. दप्तरं पाठीवर तशीच.

“आई गं, बघ ना हिला! आम्हालाच थांबवते!”