उन्हं वर यायच्या आत

चिरेखाणीचं मशीन जांभा कापतं तेव्हा लाल धुरळा उडतो आणि मागे उरलेली कड सुरीनं कापलेल्या खरवसासारखी सरळ दिसते. आमच्या शाळेच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, तशाच एका कडेशी एक मासा संपलेला मी पाहिला. डोकं, कल्ला आणि अर्धं अंग कातळात कोरलेलं, पुढे थेट खड्डा. शेपटीचे चिरे तोवर कुणाच्या तरी घराच्या जोत्यात बसले असतील.

तिथे काही आहे हे खाणीवरच्या माणसांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. सड्यावर कातळशिल्पं आहेत हे मला त्याआधी वर्षभर ठाऊक होतं. शाळेच्या सहलीत मुलांना घेऊन मी कशेळीचा हत्ती बघून आले होते. सुमारे १८ मीटर लांबीचा तो हत्ती आणि त्याच्या पोटात दाटीवाटीनं कोरलेले कितीतरी प्राणी. तिथून परतल्यावर आमच्याच सड्यावर मला पहिल्या रेषा दिसल्या. मी त्यांचे फोटो काढले, मैत्रिणींना पाठवले आणि गप्प बसले. तो अर्धा मासा आठवला की ते वर्ष अजून टोचतं.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांच्यासारख्या माणसांनी रत्नागिरी-राजापूरचे सडे वर्षानुवर्षं पायी तुडवले, म्हणून आज अशा हजाराहून अधिक चित्रांची नोंद झाली आहे. २०२२मध्ये कोकणातली काही आणि गोव्यातलं फणसायमळ अशी ९ ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. आमचा सडा त्या यादीत नाही. यादीबाहेरच्या सड्यांना तिथल्या वाडीशिवाय कुणी नसतं, आणि मला वाडीशी बोलता येत नव्हतं.

म्हणजे मी बोलले, पण चुकीचं. एका संध्याकाळी शाळेत पडदा लावून चित्रं दाखवली. हजारो वर्षांपूर्वीचा माणूस, त्यानं कोरलेला गेंडा, तो गेंडा आज कोकणात कुठेच नाही, असं सगळं सांगितलं. दहा-बारा जण आले होते. शेवटी एकानं विचारलं, “बाई, मग आता सरकार जागा घेनार काय?” मी म्हटलं, तसं काही नाही. पण मला तरी ते कुठे नक्की माहीत होतं? पुढच्या आठवड्यात सड्यावर जायच्या वाटेत काटे पडले.

त्या काट्यांचा मला राग आला होता. आज वाटतं, मीही तेच केलं असतं. सातबारावर बारा-पंधरा नावं, उत्पन्न म्हणजे थोडं गवत आणि कधीतरी खाणीचे पैसे. त्या कातळावर बाहेरचं कुणीतरी येऊन बोट ठेवतं, तेव्हा माणूस आधी जमीन सांभाळतो.

वाट उघडली ती तात्यांमुळे. सत्तरी ओलांडलेले, जन्मभर गुरं राखलेले. मी एकटीच कडेला बसले होते, तर जवळ येऊन म्हणाले, “हिकडं काय बघतेस? पांडवांचा वाघ तिकडं हाय.” आणि खराट्यानं माती झाडून त्यांनी मला एक जनावर दाखवलं. ते माझ्या कुठल्याच फोटोत नव्हतं. लहानपणी ते आणि त्यांचे सोबती त्याच्या पाठीवर बसून काजूच्या बिया भाजून खायचे. वाघाच्या तोंडावर पाय द्यायचा नाही, असा त्या पोरांचा नियम. साठ वर्षं पाळलेला.

मी रेषा उठून दिसाव्यात म्हणून रांगोळी भरायला निघाले, तर त्यांनी हात धरला. “कशाला रंगवतेस? सकाळी ये. उन्हं वर यायच्या आत.” दुसऱ्या दिवशी सातच्या आधी गेलो. तिरप्या उन्हात प्रत्येक खाचेला सावली धरली होती आणि अख्खा वाघ कातळातून वर आला होता. तासाभरात सूर्य चढला, तसा तो विरून गेला. पुढे जाणकारांनीही तेच सांगितलं: खडू, रंग, रांगोळी काही भरायचं नाही, त्यानं खाच बिघडते.

त्यानंतर मी सभा घेतली नाही. तात्यांना शाळेत बोलावलं आणि मुलांनी त्यांना प्रश्न विचारले. मग मुलांनी आपापल्या घरी विचारलं. कुणाच्या आजीला चौकोनी नक्षी माहीत होती, कुणाच्या काकांना पावलं. दोन महिन्यांत आमच्या वहीत अकरा जागा झाल्या. माझ्या वर्षभराच्या फिरण्यात चार सापडल्या होत्या.

पाण्याची गोष्टही तिथूनच निघाली. पावसात सड्यावर डबकी साठतात, सीतेची आसवं निळीजांभळी फुलतात, टिटव्या ओरडतात. जांभा सच्छिद्र, त्यामुळे हेच पाणी मुरत मुरत खालच्या वाडीच्या विहिरीला येतं. बायकांना हे कुणी शिकवायची गरज नव्हती. खाण सुरू झाल्यावर विहीर लवकर आटते, हे त्या कधीच्या म्हणत होत्या. ती विहीर आणि वर कोरलेला वाघ एकाच कातळावर आहेत, एवढंच आम्ही मोठ्यानं म्हटलं. ऐकणारे या वेळी दहा-बारा नव्हते.

उक्षीत गावाच्या सहभागानं हत्तीच्या शिल्पाचं रक्षण झालं, ते बघायला वाडीतली वीसेक माणसं टेम्पो करून गेली. तिथे त्यांनी शिल्पापेक्षा तिथल्या लोकांनाच जास्त न्याहाळलं: जागा कुणाची, गुरं कुठून जातात, आल्यागेल्याला चहा कोण देतं. परतताना टेम्पोत भांडण झालं आणि मला ते फार आवडलं, कारण भांडण आपला गडगा कुठून घालायचा यावरून होतं.

सगळे तयार नाहीत. दोन भावांचा हिस्सा अजून खाणीला दिलेला आहे. धाकट्याच्या मुलीचं लग्न ठरलंय, त्याला ‘वारसा’ हा शब्द ऐकवायची माझी हिंमत होत नाही. पण मशीन लावायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं निरोप धाडला, “बाई, झाडून बघून जा.” आम्ही बघितलं. त्या पट्ट्यात काही नव्हतं. पलीकडच्या वाफ्याएवढ्या तुकड्यात दोन पावलं निघाली, तेवढा तुकडा त्यानं सोडला.

काल आठवीतल्या एका मुलानं फोटो पाठवला. गवत वाळल्यावर उत्तरेच्या उताराला नव्या रेषा दिसल्यात; शिंग वाटतं, कदाचित नसेलही. शनिवारी जायचंय. तात्यांचे गुडघे आता चढण घेत नाहीत, म्हणून पोरांनी त्यांना मोटारसायकलवरून वर न्यायचं ठरवलंय. खराटा माझ्याकडे आहे.