डोळखांब येथील एक दिवस

आमच्या रक्तात साखर वाढल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यापासून घरी आमच्या ताटावर सूनबाईंचा पहारा बसला आहे. त्यातच चिरंजीवांनी डोळखांबजवळच्या एका आरोग्यधामाची माहिती काढली आणि ज्येष्ठ सरत आला असता एका शनिवारी सायंकाळी आम्हा उभयतांस तेथे नेऊन सोडले. स्थळाचे नाव मुद्दामच देत नाही; कोणाची जाहिरात करावी असा आमचा हेतू नाही.

आसनगाव स्थानकावर उतरून शहापूरमार्गे डोळखांबकडे निघाले म्हणजे सह्याद्रीची भिंत हळूहळू जवळ येऊ लागते. तिच्यातच आजोबाचा डोंगर आहे. वाल्मीकींचा आश्रम येथे होता व लव-कुश त्यांस 'आजोबा' म्हणत, म्हणून डोंगरास हे नाव पडले, असे या भागातील लोक सांगतात.

रविवारची दिनचर्या साधी होती. पहाटे गवतावर अनवाणी फिरणे, पोटावर ओल्या मातीची पट्टी, दुपारी नाचणीची भाकरी, पालेभाजी आणि ताक. महात्मा गांधींनी १९४६ साली पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन येथे ज्या निसर्गोपचाराचा पाया घातला आणि मणिभाई देसाई यांनी जो पुढे निष्ठेने चालविला, त्याच वळणाचा हा क्रम होय. चहावाचून सकाळ जड गेली, हे मात्र कबूल केले पाहिजे.

तिसऱ्या प्रहरी बाग पाहिली. रासायनिक खताचा कणही येथे घालीत नाहीत. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, तितकेच बेसन व बांधावरची मूठभर माती कालवून दोन दिवस ठेवतात; त्यास जीवामृत म्हणतात. गूळ आणि बेसन यांवर मातीतील सूक्ष्म जीव पोसतात व ते पिकास पोसतात. जी दोन्ही द्रव्ये आमच्या ताटातून हद्दपार झाली, ती वांग्यांच्या मुळाशी पडताना पाहून मौज वाटली.

कुंपणापाशी पांढऱ्या फुलांनी डवरलेले एक झाड होते. तण काढणाऱ्या ठाकर बाईंस आम्ही त्याचे नाव विचारले.

"हा कुडा, गुरुजी. फुलांची भाजी करतो आम्ही. पोट बिघडलं तर साल उगाळून देतो."

आम्ही जागच्या जागी उभे राहिलो. कुडा म्हणजे कुटज! मेघदूतातील यक्ष ज्या ताज्या फुलांचे अर्घ्य मेघाला देतो, ती हीच. 'कुटज म्हणजे एक प्रकारचे फूल' एवढाच अर्थ आम्ही तीस वर्षे मुलांना फळ्यावर लिहून दिला. कुटजारिष्टाची बाटली घरच्या कपाटात असून झाड कधी पाहिले नव्हते!

आम्ही बाईंस मेघदूताची गोष्ट सांगितली. त्यांनी ती लक्षपूर्वक ऐकली आणि आभाळाकडे पाहून म्हणाल्या, "आम्हीपण त्याचीच वाट बघतोय. पाड्यावरची विहीर आटली. टँकर येतो त्या दिवशी पाणी."

तानसा तलाव याच शहापूर तालुक्यात आहे. १८९२ पासून त्याचे पाणी मुंबईस जाते. भातसाही येथलीच. दादरच्या आमच्या घरी नळास येणारे पाणी या डोंगरांचेच. आम्ही निरुत्तर झालो.

परतताना गाडीत सौभाग्यवती बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सकाळी नळ सोडून ठेवून दात घासता, तेवढं तरी उद्यापासून बंद करा."

साखर किती उतरली, ते पुढील तपासणीत कळेल. नळ मात्र दुसऱ्याच दिवसापासून हातासरशी बंद होऊ लागला आहे. आणि जुन्या वहीत 'कुटज' या शब्दापुढे आम्ही 'कुडा' असे शाईने लिहून ठेवले आहे.