आमच्या मोरीची फरशी

माझे वडील गवंडी आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. आमचे गाव अक्कलकोट तालुक्यात आहे. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात शहाबाद आहे. तिकडच्या खाणीतून निघते ती शहाबादी फरशी. आपल्या शाळेच्या व्हरांड्यात तीच आहे. तो चुनखडीचा दगड आहे, तो जमिनीतच तयार होतो. टाइल्स मात्र माती दळून, दाबून, भट्टीत भाजून करतात. गुजरातमध्ये मोरबीला त्यांचे पुष्कळ कारखाने आहेत.

गेल्या दिवाळीत आमचे घर दुरुस्त केले. मी हट्ट धरला, "अण्णा, मोरीत पण चकचकीत टाइल्सच पाहिजेत." अण्णा म्हणाले, "आरं, मोरीत सारखं पाणी असतंय. गुळगुळीत चालायची नाही." पण मी दोन दिवस त्यांच्याशी बोललोच नाही. शेवटी त्यांनी पांढऱ्या टाइल्स बसवल्या. मला फार आनंद झाला. मी मित्रांना बोलावून मोरी दाखवली.

संक्रांतीच्या आधी एके दिवशी सकाळी आजी मोरीत घसरली. तिच्या मनगटाचे हाड मोडले. दीड महिना प्लॅस्टर होते. तिला भाकरी थापता येईना, वेणी घालता येईना. मला कोणीच रागावले नाही, पण मला जेवण जाईना. मी आजीला म्हणालो, "माझ्यामुळं झालं." आजी म्हणाली, "गप बस. पाणी मीच सांडलं हुतं."

पुढच्या रविवारी अण्णांनी मोरीतल्या टाइल्स उखडल्या. मला हाताखाली घेतले. जात्याला टाकी लावतात तशी त्यांनी शहाबादीला छिन्नीने टाकी लावली. फरशी खरबरीत झाली. मी वाळू चाळली, पाणी आणले. अण्णांनी पाइपाकडे ढाळ काढून फरशी बसवली. मग म्हणाले, "आता ठोकून बघ. बद्द वाजली तर खाली पोकळ आहे." एक फरशी बद्द वाजली. ती काढून पुन्हा बसवली.

मी म्हणालो, "ओट्यामागच्या टाइल्स पण काढू या." अण्णा हसले. त्यांनी शहाबादीच्या तुकड्यावर लिंबू पिळले. बारीक फेस आला आणि पुसल्यावर डाग राहिला. टाइलवर पिळले तर काहीच झाले नाही. अण्णा म्हणाले, "चिंच, लिंबू, तेल उडतंय तिथं टाइलच बरी. दगड वाईट नाही, टाइल पण वाईट नाही. जागा बघून बसवावी लागती."

आता आजी मोरीत न भिता जाते. पण थंडीत तिचा हात अजून दुखतो. मी दर रविवारी मोरी खराट्याने घासतो. कारण शेवाळ धरले तर दगडावरूनही पाय घसरतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी म्हातारे माणूस असेल तर मोरीची फरशी एकदा ओली करून बघा.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी