डाव्या पायाची रजा

मोटार चालवणाऱ्याच्या डाव्या पायाकडे आपल्या वाङ्मयाने कधी लक्ष दिलेले नाही. हातांचे कौतुक झाले, डोळ्यांवर तर काव्याचे रतीब घातले गेले. उजव्या पायालाही वेगाच्या निमित्ताने थोडाफार मान मिळाला. डावा पाय मात्र क्लचवर दबून राहिला. घरातल्या वडीलधाऱ्या बाईसारखे त्याचे असते. ती अंथरूण धरीपर्यंत काय काय करीत होती, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

आमच्या घरी ते ध्यानात आले दादाचा डावा पाय गेल्यावर. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. काटोलकडची आमची संत्र्याची बाग तो सांभाळतो. मी नागपुरात कॉलेजातल्या मुलांना मराठी शिकवतो. साखरेच्या आजाराने त्याचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. भेटायला येणाऱ्यांना तो सांगे, "डावा रजेवर गेला. उजवा अजून नोकरीत आहे." लोक हसत, तोही हसे. पण अंगणातल्या पिकपकडे नजर गेली की त्याचे हसणे तिथेच थांबे.

ही पिकप आजोबांनी १९६७ साली घेतलेली. तोंडवळा जीपचा, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. जीपच्या घराण्याचा इतिहास मोठा मजेदार आहे. महायुद्धात अमेरिकन फौजेसाठी विलीज कंपनीने १९४१ पासून ही गाडी बनवली. पुढे मुंबईत माझगावला तिचे भाग जोडून गाड्या तयार होऊ लागल्या. ते काम करणाऱ्या कंपनीचे मूळ नाव होते ‘महिंद्र अँड महंमद’. भागीदार गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली पाटीवर महंमदाच्या जागी दुसरे महिंद्र आले. फाळणीचा ओरखडा असा मोटारीच्या पाटीवरही उमटला आहे.

आमच्या भागातली काळी कन्हार माती ज्याने पावसाळ्यात पाहिली आहे, त्याला चार चाकांना जोर असलेल्या गाडीचे महत्त्व सांगायला नको. श्रावणात पांदणीत शिरलेली साधी मोटार बैल लावूनच बाहेर काढावी लागते. ही पिकप मात्र गुरगुरत, डुलत, चिखल उडवत निघून येते. तिला पुढचे गिअर तीनच. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. चालत्या गाडीत तो टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रलला यायचे, क्लच सोडून इंजिनाला जरा फेर द्यायचा, पुन्हा क्लच दाबायचा, मग दांडा आत सरकतो. ह्याला डबल क्लच म्हणतात. आजोबांनी दादाला ही विद्या दिली, दादाने मला. त्या दातांची करकर न होता पहिला गिअर पडला म्हणजे दादा नुसती मान हलवी. ती माझी पदवी.

म्हणून गिअरबॉक्स काढून तिथे आपोआप गिअर बदलणारी पेटी बसवावी असे दादाने म्हटले, तेव्हा मी गप्प झालो. मी त्याला दोन पर्याय सांगितले. एक, नवी ऑटोमॅटिक गाडी घ्यावी. तो म्हणाला, "तेवढ्या पैशात दोन विहिरी होतात. अन् नवी गाडी पांदणीतल्या काट्यांत घालायला माझाच जीव होणार नाही." दुसरा पर्याय मला फार आवडला होता. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. गाडी मूळ रूपात राखलेली असावी, चासी, बॉडी, इंजिन यांत फेरफार नसावा. वीस हजार रुपये भरले की दहा वर्षांची नोंदणी आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही मानाची अक्षरे. दादाने सगळे शांतपणे ऐकले नि विचारले, "मग बागेत न्यायची कशी?" अशी गाडी रोजच्या कामासाठी रस्त्यावर काढता येत नाही, हे मी सांगितले. तो म्हणाला, "तू गाडी जपून राहिला का रे, का तिचं श्राद्ध करून राहिला?"

ह्यावर मराठीच्या प्राध्यापकाजवळही उत्तर नव्हते.

आमचे मिस्त्री सत्तरी ओलांडलेले आहेत. त्यांनी मला ही पेटी समजावून दिली ती पंख्यांच्या उदाहरणाने. दोन पंखे समोरासमोर ठेवा. एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. वाऱ्याऐवजी तेल घाला आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात कोंडा, की झाला टॉर्क कन्व्हर्टर. मधे तिसरे एक पात्यांचे चाक असते. ते परतणारे तेल वळवून पुन्हा कामाला लावते, म्हणून गाडी उठताना जोर वाढतो. इंजिन आणि चाके ह्यांच्यामध्ये घट्ट सांधा नाही, नुसते तेल. मग तो सांधा सोडवायला क्लचचे पेडल हवे कशाला? हेर्मान फॉटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअराने १९०५ साली ह्या कल्पनेचे पेटंट घेतले, तेही मोटारीसाठी नव्हे, जहाजांसाठी. आणि जीपच्या कुळाला ही गोष्ट परकी नाही. १९६३ च्या वॅगोनियरला चार चाकांचा जोर आणि ऑटोमॅटिक गिअर दोन्ही मिळत होते.

कल्पना सोपी, काम अवघड. मिस्त्रींनी भंगारातून जुन्या धाटणीची पेटी शोधली, जिचा सारा कारभार तेलाच्या दाबावर चालतो. नव्या पेट्यांना संगणक लागतो, आणि आमच्या कार्बोरेटरवाल्या इंजिनाला त्याची भाषा येत नाही. इंजिनाची भोके आणि पेटीची भोके जुळेनात, म्हणून हिंगण्याच्या एका लेथवर मधली जाड पट्टी करून घेतली. तिचा मध्य केसभर जरी हलला तरी तेलाचे सील फाटते. जीपच्या मागच्या चाकांचा गोळा मधोमध नसून एका बाजूला असतो, आणि चारी चाकांना जोर वाटणारी ट्रान्स्फर केसही त्याच बाजूला तोंड करून असते. म्हणून ती केस मूळचीच ठेवून नव्या पेटीला जोडली. नवी पेटी लांब, त्यामुळे मागचा शाफ्ट आखूड केला, पुढचा वाढवला. मेमध्ये आमच्याकडे पारा पंचेचाळिशी गाठतो. पेटीतले तेल करपू नये म्हणून रेडिएटरपुढे त्याच्यासाठी वेगळी जाळी लावली. पायातले पेडल सोडताच अशी गाडी आपण होऊन सरकू लागते, तेव्हा ब्रेकही सुधारून घेतले.

माझी अट एकच होती: सांगाड्याला गॅस लावायचा नाही. जे बसेल ते नटबोल्टवर बसेल. मिस्त्री म्हणाले, "सर, तुम्ही परत फिरायची वाट ठेवून राहिले." मी हो म्हटले.

कायद्याची वाट आधी पाहावी लागली. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाने मनाला येईल तसा बदल करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत बजावले आहे. पण दिव्यांग माणसाच्या वापरासाठी, नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीने गाडीत फेरफार करण्याची सोय कायद्यात आहे. आम्ही स्पॅनर हाती घेण्यापूर्वी अर्ज केला. कागदांना वेळ लागला; दादाला अर्जातला ‘दिव्यांग’ हा शब्द लिहायला त्याहून जास्त वेळ लागला.

वर्गात मोडी लिपी सांगताना आता मला ही पिकप आठवते. मोडी म्हणजे आपली बिनक्लचची लिपी. हात न उचलता ओळ धावत सुटते. देवनागरीत अक्षरागणिक थांबावे, उचलावे, पुन्हा टेकवावे लागते. छपाईच्या सोयीपुढे विसाव्या शतकात मोडी मागे पडली आणि मराठी मराठीच राहिली, हे खरे. पण मोडी वाचणारा माणूस शोधायला आज दप्तरखान्यात जावे लागते, हेही तितकेच खरे. बदलाने जीव वाचतो आणि काहीतरी जातेही. दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहिलेल्या बऱ्या.

आमच्याही वहीत गेलेल्या गोष्टी आहेत. धक्का मारून ही गाडी आता सुरू होत नाही. बॅटरी बसली तर न्यूट्रलमध्ये पुढून हँडल मारणे एवढाच उपाय. तेलाच्या त्या डब्यात थोडी ताकद वाया जाते, आणि मुळात सत्तरेक घोड्यांचे इंजिन, म्हणून चढावर ती जरा धापा टाकते. उतारावर इंजिनाचा आवर पूर्वीसारखा लागत नाही. आणि डबल क्लचची ती मानेची पदवी आता आमच्या घरात कुणाला मिळायची नाही. मला तिची चुटपुट आहे, आणि ती मी लपवत नाही.

पण ट्रान्स्फर केसचे दोन दांडे जागच्या जागी आहेत. पांदणीच्या तोंडाशी दादा एक ओढतो, मग दुसरा. हाताला काम राहिले. पहिल्याच फेरीत मी शेजारी बसलो होतो. चिखलात गाडी मंदावली, तेव्हा त्याच्या कपाळाला एकाएकी आठी पडली. मी विचारले, काय झाले? तो म्हणाला, "डावा पाय क्लच दाबून राहिला ना." नसलेला पाय नसलेले पेडल दाबत होता, आणि गाडी आपल्या वेगाने चालली होती. डॉक्टरांना ह्यात नवल वाटत नाही. तुटलेला अवयव मेंदूच्या दप्तरात पुष्कळ काळ हजर असतो म्हणतात. मी खाली पाहिले, तर माझाही डावा पाय फळीवर टाच रोवून बसला होता.

जुना गिअरबॉक्स ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून गोठ्यात ठेवला आहे. आंबियाची तोड सुरू झाली की त्याच्या शेजारी रिकाम्या क्रेटी रचल्या जातात. भरलेल्या क्रेटी पिकपच्या हौद्यात चढतात, आणि पांदण ओलांडून दादा त्या सडकेवरच्या ट्रकपर्यंत पोचवतो.